बाबांच्या पाटावरचा भाडेकरू

बारा सप्टेंबर. काम: उडदाचे वडे. डाळ आदल्या संध्याकाळी भिजवली होती, सकाळी उठल्या उठल्या वाटली. वर्ध्याजवळ सिंदी मेघेला दादाच्या स्वयंपाकघरात वहिनी कढीला फोडणी देत होती आणि मी ओल्या फडक्यावर वडे थापून त्यांना मधोमध बोटानं भोक पाडत होते. बाबांची तिथी होती. समोरच्या खोलीत पाट मांडून झाला होता, भोवती रांगोळी काढून झाली होती. त्या पाटावर बाबांच्या नावानं जेवायला जे येणार होते ते आमचे भाडेकरू, वसंतभाऊ. आणि मी पुण्याहून आले होते ती त्यांना आमच्या घरातून काढायला.

हे इतकं सरळ लिहिलं म्हणून काहींना खटकेल. खटकू द्या. हे मी वर्ध्यातून उठून पुण्याला, हैदराबादला, त्याहून लांब गेलेल्यांसाठी लिहिते आहे आणि मागं राहून त्यांच्या घरांच्या किल्ल्या सांभाळणाऱ्यांसाठीही. आपण घराबद्दल बोलायला लागलो की अंगणातल्या तुळशीवर जातो, लिंबाच्या सावलीवर जातो आणि मुद्द्याचं राहून जातं. मुद्द्याचं हे, की त्या घरात आज कोण राहतं आणि उद्या तुम्हाला राहायचं असेल तर राहता येईल का.

मी वर्धा सोडलं तेव्हा वसंतभाऊंची चक्की सुरू होती. माझं लग्न होऊन नुकतेच सोपस्कार उरकले होते, विजयची नोकरी पुण्याला, संध्याकाळची गाडी. ऑटो दारात उभा. आमचं घर चार खोल्यांचं. पुढच्या दोन खोल्या बाबांनी मी बारावीत असताना वसंतभाऊंना भाड्यानं दिल्या होत्या, पिठाच्या चक्कीसाठी. उन्हाळ्यात मिरची कांडायचं यंत्रही चालायचं आणि आम्ही सगळे मागच्या दोन खोल्यांत शिंकत असायचो. त्या संध्याकाळी बाबा मला काहीतरी सांगत होते आणि चक्कीच्या आवाजात ते ऐकू येत नव्हतं. वसंतभाऊंनी ते पाहिलं आणि बटण दाबून चक्की बंद केली, आम्हाला नीट बोलता यावं म्हणून. आणि आवाज थांबल्यावर कोणालाच काही सुचेना. शेवटी आई म्हणाली, "तिथं कोणाच्या भिंतीत खिळा ठोकू नको. घरमालकाले विचारजो आधी." आणि बाबा म्हणाले, "पत्ता बदलला का लगेच कळवजो."

दोघांनी सांगितलेलं दोन्ही कामाचं निघालं. पुण्यात आम्ही भाड्यानं राहिलो ते राहिलोच. आधी दिघी, मग भोसरी, मग चिंचवड, मग पुन्हा दिघी. अकरा महिन्यांचा करार, तो संपायच्या आधी घरमालकाचा फोन. कोणाचा मुलगा बेंगळुरूहून परत येणार असायचा, कोणाला फ्लॅट विकायचा असायचा, एकानं तर सरळ सांगितलं होतं, "ताई, तुम्ही चांगल्या आहात, पण मला बदल हवाय." आम्ही खोकी बांधायचो. मी एका औषधकंपनीच्या प्रयोगशाळेत होते, तिथली रिकामी खोकी चांगली मजबूत असत. विजय म्हणायचा, आपला संसार गोळ्यांच्या खोक्यांतून फिरतो. स्वतःचं घर घेऊ घेऊ म्हणत राहिलं. ते का राहिलं याची कारणं प्रत्येक वर्षी वेगळी होती आणि प्रत्येक वर्षी ती पटण्यासारखी होती.

भाषा बदलली ती कधी, ते कळलं नाही. पहिल्या वर्षी मी प्रयोगशाळेत एकदा "काऊन?" म्हणाले आणि शेजारच्या टेबलावरची मुलगी इतकी हसली की तिचा चष्मा खाली पडला. मग मी "का" म्हणायला लागले. मले-तुलेचं मला-तुला झालं. डिपॉझिट, एनओसी, सोसायटी मेंटेनन्स हे शब्द माझ्या तोंडी जवस, लाखोळी, आंबाडीपेक्षा जास्त येऊ लागले. वर्ध्याला गेले की वहिनी चिडवायची, "आल्या पुन्याच्या म्याडम." आणि पुण्यात कोणी विचारलं, गाव कुठलं, की मी वर्धा म्हणायची आणि समोरचा म्हणायचा, "अच्छा, नागपूर."

याचं मला दुःख वगैरे नव्हतं. माणूस कामाला जातो, तिथली भाषा बोलतो. पण एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. इतकी घरं सोडली, एकदाही मी घरमालकाशी हुज्जत घातली नाही. ज्याला राहायला हवं आहे आणि ज्याचं घर आहे, त्यानं मागितलं तर द्यायचं, हे मला साधं वाटायचं. वर्ध्याला परतताना तेवढंच मी गृहीत धरलं होतं.

विजय गेला. मुलगी नेदरलँड्सला स्थायिक झाली, तीही भाड्याच्याच घरात, रक्तातच आहे म्हणायचं. माझी नोकरी संपायला आली आणि दिघीच्या घरमालकांनी पुन्हा फोन केला. त्या दिवशी मी ठरवलं की पुढची खोकी वर्ध्याला जातील.

आई-बाबा दोघंही तोवर गेले होते. नगरपरिषदेच्या कागदावर घर दादाच्या आणि माझ्या नावावर, निम्मं-निम्मं. दादा शाळेत मास्तर, त्यानं सिंदी मेघेला स्वतःचं घर केव्हाच बांधलं होतं. आई गेल्यावर मागच्या दोन खोल्या रिकाम्या पडल्या, तेव्हा दादानं वसंतभाऊंना म्हटलं, राहू द्या तुमची पोती तिथं, लक्षही राहील. म्हणजे चारही खोल्या त्यांच्याकडे गेल्या. मी दर दिवाळीला वर्ध्याला जायची, त्या दारासमोरून जायची आणि सिंदी मेघेला दादाकडे झोपायची. घरात मला पाठ टेकायला जागा नव्हती आणि बरीच वर्षं मला ते जाणवलंही नव्हतं.

उन्हाळ्यात मी वसंतभाऊंकडे गेले. तोवर ते मला "कुंदा, ये पोरी" म्हणत आले होते. मी सांगितलं, भाऊ, मला इथं राहायला यायचं आहे, जागा लागेल. त्या क्षणापासून मी "ताई" झाले आणि "तू"चं "तुमी" झालं.

"या ना ताई," ते म्हणाले. "तुमचंच घर हाय. पन तुमचा हिस्सा अर्धा. कोनता अर्धा, ते सांगा. जातं तुमचं का मोटर तुमची?"

दळण घेऊन उभ्या असलेल्या बायका हसल्या. मीही हसले, कारण विनोद चांगला होता.

"तुमच्या दादानं सांगितलं तर मी उद्या खाली करतो," ते पुढे म्हणाले. "मालक दोघं. एकाच्या म्हनन्यानं कसं होईन?"

दादाकडे गेले तर दादा म्हणाला, "तू बोल ना त्यायच्याशी. मले मधात टाकू नको." असं महिनाभर चाललं. वसंतभाऊ म्हणायचे दादा, दादा म्हणायचा वसंतभाऊ. आणि वहिनी म्हणायची, "इथंच राहा ना आमच्याकडे. खोली हाय, बाथरूम हाय, काय कमी हाय तुमाले?" ती मनापासून म्हणायची. पण नणंदेनं चार दिवस राहणं वेगळं आणि म्हातारपण काढणं वेगळं, हे तिलाही ठाऊक होतं. मला माझ्या दाराची कडी लावून झोपायचं होतं. बाकी काही नको होतं.

दादाची खरी अडचण मला हळूहळू कळली. आमच्याकडे पितृपक्षात आपल्याच समाजातला एखादा वडीलधारा माणूस गेलेल्या माणसाच्या नावानं जेवायला बसवतात. त्याला पितर म्हणतात. त्याचे पाय धुवायचे, पाटावर बसवायचं, आधी त्याला वाढायचं आणि तो जेवल्याशिवाय घरात कोणी घास घ्यायचा नाही. जेवण संपत आलं की घरातल्यांनी विचारायचं, "काही राहिलं का?" तो म्हणतो, "भरलं." झालं. बाबा गेले त्या वर्षी ठरलेले काका आजारी पडले आणि ऐन वेळी दादाला जवळचा माणूस म्हणून वसंतभाऊ आठवले. ते आले, पोटभर जेवले. आणि एकदा बसवलेला पितर शक्यतो बदलत नाहीत. त्यामुळे दर वर्षी दादा वसंतभाऊंचे पाय धुवत होता, त्यांच्यासमोर वाकत होता आणि त्यांना बाबा समजून वाढत होता. माणूस असं वर्षानुवर्षं करतो तेव्हा त्याच्या मनात काय बसत असेल याचा मी पुण्यात बसून विचार केला नव्हता.

वकीलबाईंकडे मी ऑगस्टमध्ये गेले. कोर्टाजवळ त्यांचं छोटं ऑफिस आहे, पंखा जोरात आणि बोलणं त्याहून जोरात. मी विचारलं, "दादानं सही केली नाही तर मला केस लावता येते का?"

"येते," त्या म्हणाल्या. "एकटीला येते. वाटणी होत नाही तोवर सगळं घर तुमचं आहे आणि सगळं घर तुमच्या भावाचंही आहे. तुमचा अर्धा कुठला, हा प्रश्न तुम्ही दोघांनी सोडवायचा. भाडेकरूनं तो विचारायचा नाही. त्याच्यासमोर तुम्ही एकट्या उभ्या राहिलात तरी मालकच आहात."

मला जातं आणि मोटर आठवली.

"गरज खरी आहे हे दाखवावं लागेल," त्यांनी बोटं मोजायला सुरुवात केली. "त्याची अडचण जास्त का तुमची जास्त, हेही कोर्ट पाहील. त्याला दुसरी जागा आहे का?"

"बोरगाव मेघेला घर आहे. रस्त्यावरच. पुढची खोली रिकामी असते."

"बरं आहे. आता महत्त्वाचं ऐका. सहमालकांपैकी एकानं दावा लावला की बाकीच्यांची संमती आहे असंच कोर्ट धरून चालतं. भावाची सही नको. पण भाऊ स्वतः येऊन म्हणाला की मला हे मंजूर नाही, तर पंचाईत होईल. मग आधी तुमची वाटणी, मग पुढचं. त्यात किती वर्षं जातील मी सांगत नाही, तुम्हाला झोप लागणार नाही."

म्हणजे मला दादाकडून काही करून घ्यायचं नव्हतं. त्यानं एक गोष्ट करू नये, एवढंच हवं होतं. हे ऐकून मला सोपं वाटलं होतं. सिंदी मेघेला पोचेपर्यंत ते अवघड झालं, कारण वहिनीनं सांगितलं, वसंतभाऊ दोनदा येऊन गेले आणि कोर्टात तुमी नाई म्हना, असं दादाला सांगून गेले.

"मंग दादा काय म्हणाला?"

"तुमचा दादा कधी कोनाले नाई म्हनते का?" वहिनी म्हणाली. "हो म्हनला."

तिथीच्या आदल्या संध्याकाळी मी दादाला ओट्यावर गाठलं. तो उद्याची केळीची पानं पुसत बसला होता. त्याच्याशी बोलताना माझ्या तोंडात जुनी भाषा येते, आणायची ठरवावी लागत नाही.

"दादा, तुही सही नको मले."

"मंग काय पायजे?"

"तू कोर्टात येऊ नको. बास. मधात पडू नको, तूच म्हनत होता ना? नको पडू."

तो पानं पुसत राहिला. "कुंदे, त्यानं आईले दवाखान्यात नेलं होतं. रात्रीचं. मी शाळेच्या सहलीवर गेलतो."

"मले ठाऊक हाय. त्याचे उपकार हायेत. उपकाराच्या बदल्यात घर देत नसतात."

"अन् बाबाच्या पाटावर बसते तो मानूस. उद्या मी त्याचे पाय धुवीन अन् परवा तू त्याले कोर्टात उभा करशीन. कसं दिसते ते?"

"कसंही दिसो. मले राहाले घर नाई."

दादानं वर पाहिलं नाही. "उद्या तिथी तर होऊ दे," म्हणाला. उद्या काय बोलायचं ते मी ठरवून ठेवलं होतं: जेवण होऊ द्यायचं, पाहुणा पाटावरून उठू द्यायचा, हात धुऊ द्यायचे, आणि मग तोंडावर सांगायचं की उद्या मी नोटीस पाठवते आहे. पाठीमागून कागद पाठवायचा नाही.

वसंतभाऊ वेळेवर आले. पांढरं धोतर, इस्त्रीचा सदरा, आणि केसांत थोडं पीठ, ते आंघोळीनंही जात नाही. दादानं तांब्यातून पाणी घालून त्यांचे पाय धुतले. ते पाटावर बसले आणि खरं सांगते, पाठीकडून बाबांसारखेच दिसले. तसेच वाकलेले खांदे. मी वाढत होते. कढी, वडे, कोहळ्याची भाजी, गवार, खीर. ते नेहमीसारखे जेवले, वाखाणत, बोटं चाटत.

"वडे कोनं केले?"

"कुंदानं," वहिनी म्हणाली.

"पुन्याले राहूनही हात नाई बिघडला."

मी आणखी दोन वाढले. खीर संपत आली तशी दादानं हात जोडले आणि रीतीप्रमाणे विचारलं, "काही राहिलं का?"

वसंतभाऊंनी पाण्याचा घोट घेतला, पेला खाली ठेवला. मग ते हळू, जड आवाजात बोलले. बाबा तसेच बोलायचे, प्रत्येक शब्द खाली ठेवल्यासारखा.

"माह्या मनात एकच हाय. भाऊ-बहिनीनं भांडू नये. घर जसं हाय तसं राहू द्यावं. माह्या माघारी त्या घराले हात लावू नये कोनी."

माझ्या हातात खिरीची वाटी होती. वहिनीचा पदर तोंडाशी गेला. क्षणभर मला राग आलाच नाही, कौतुक वाटलं. इतक्या वर्षांत कोणी इतक्या चांगल्या जागेवरून इतका चांगला डाव टाकलेला मी पाहिला नव्हता. मग दादाकडे पाहिलं. दादाचे हात अजून जोडलेलेच होते. तो माणूस कोणाला नाही म्हणत नाही. आणि इथे तर बापच मागत होता. मला वाटलं, संपलं. आता हा कोर्टात जाऊन सांगेल की बाबांची इच्छा नाही, आणि मी दिघीला नवं घर शोधायला लागेन.

दादानं हात सोडले. तो पाटासमोर खाली बसला, अगदी वसंतभाऊंच्या डोळ्यांसमोर.

"वसंतभाऊ," तो म्हणाला, "तुमाले बाबाच्या नावानं जेवाले बसवलं होतं. बोलाले नाई."

वसंतभाऊंचा चेहरा उतरला, पण माणूस पक्का. "मी आपलं चांगलंच सांगून राह्यलो होतो," ते म्हणाले.

"तुमचं म्हनून सांगा. बाबाचं म्हनून नका सांगू. बाबाले काय वाटत होतं ते मले ठाऊक हाय. त्यायनं घर दोन पोरांसाठी बांधलं, दोघायच्या नावानं. मी घर बांधलं, मले गरज नाई. हिले हाय." दादा थांबला नाही. "इतके वर्ष तुमचे पाय धुतले मी. खरं समजून धुतले. आता सांगा, भरलं का?"

"भरलं," वसंतभाऊ म्हणाले.

मग दादानं त्यांना विडा दिला, दक्षिणा दिली, वाकून नमस्कार केला. सगळी रीत पुरी केली. मी हातावर पाणी घातलं. त्यांनी हात पुसले आणि मी म्हटलं, "भाऊ, आता तुमच्याशी बोलते."

"ताई, सुपारी तर फुटू द्या तोंडात," ते म्हणाले आणि वहिनीला हसू आवरलं नाही. तेही थोडं हसले.

मी ठरवलेलं सगळं सांगितलं. उद्या नोटीस पाठवते. गव्हाचा हंगाम होऊन जाईपर्यंत मी वाट पाहीन, त्यांचं गिऱ्हाईक तुटू नये म्हणून. बोरगाव मेघेच्या घरी थ्री-फेजचं मीटर बसवायला जो वेळ लागेल तो देईन. मागच्या दोन खोल्या आधी सोडल्या तर मी त्यात राहीन आणि पुढची चक्की तोवर चालू द्या. हे मंजूर नसेल तर कोर्ट.

"चक्की म्हंजे सायकल हाय का?" ते म्हणाले. "उचलली अन् नेली? पाया खोदावा लागते, जातं बसवावं लागते. गिऱ्हाईक काय माह्या मागं बोरगावले येईन?"

"निम्मं येईल. निम्मं तिथं नवं मिळेल. मी पुण्यात चारदा नवा दूधवाला लावला, भाऊ, माणूस मरत नाही."

"तुमी नाई मरत. मी बाहत्तर वर्षाचा हाय."

ते खरं होतं. त्यांची अडचण खरी होती आणि माझीही. फरक एवढाच की त्यांना दुसरीकडे छप्पर होतं. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते उठले, चपला घातल्या आणि दारातून वळून दादाला म्हणाले, "मास्तर, सही दोघायची लागते. माह्या वकिलानं सांगितलं."

"नाही लागत," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते दादाकडे पाहत राहिले. दादा पाट उचलत होता. रांगोळी पायानं विस्कटू नये म्हणून जपून उचलत होता.

"माहं काई म्हननं नाई," दादा म्हणाला. "कोर्टातही नाई."

ते गेले. मग आम्ही तिघं जेवलो. वडे गार झाले होते. दादा पानातलं सगळं जेवला, आणि वहिनी म्हणाली की हे दोन महिन्यांत पहिल्यांदाच झालं.

लोक विचारतात, घर म्हणजे तुला आता काय वाटतं. माझ्यासारख्या निघून गेलेल्या बायकांना हा प्रश्न फार विचारतात आणि उत्तर ओलं असेल अशी अपेक्षा असते. मला त्या चार खोल्यांत काय दिसतं सांगू? मागच्या खोलीचं पन्हाळ बदलावं लागेल. भिंतींवर पिठाचा थर आहे, तो खरवडून चुना लावावा लागेल. पुढच्या खोलीतला पाया उखडला की फरशी नवी. आई-बाबा तिथं नाहीत, आणि ते नाहीत हे मला पुण्यातही ठाऊक होतं. घर म्हणजे जिथून मला निघा म्हणणारा माणूस कायद्यानं उरत नाही ती जागा, असं मी आता म्हणेन. आणि आणखी एक, जे मला त्या दिवशी नव्यानं कळलं. जिथं माझा भाऊ एका वाक्यासाठी का होईना माझ्या बाजूनं उभा राहतो, ती. दुसरं पहिल्याशिवाय चाललं असतं का, माहीत नाही. पहिलं दुसऱ्याशिवाय चाललं नसतं, हे वकीलबाईंनी सांगितलेलंच आहे.

तुमच्यापैकी जे बाहेर आहेत त्यांना एवढंच सांगते. घरी फोन केला की तुळशीची चौकशी करा, हरकत नाही. पण आत कोण आहे, कोणाच्या शब्दावर आहे आणि भावाबहिणीचं त्याबद्दल काय म्हणणं आहे, हेही विचारा. आणि जे मागं राहिलात, ते किल्ली देताना गेलेल्याला एकदा फोन करा. आमच्याकडे कोणी वाईट नव्हतं. सगळे एकमेकांचं मन राखत होते आणि तेवढ्यानं मला झोपायला जागा उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वकीलबाईंकडे गेले. नोटिशीवर माझी एकटीची सही केली. ती रजिस्टरनं पाठवली आणि पावती पर्समध्ये ठेवली. दादा स्कूटरवर सोडायला आला होता, तो खाली थांबला. मी त्याला वर बोलावलं नाही. तिथून मी त्याला आमच्या गल्लीत न्यायला सांगितलं. चक्कीच्या अगदी समोर एका घराला "खोली भाड्याने देणे आहे" अशी पाटी कधीपासून लटकत होती. केस किती चालेल सांगता येत नाही आणि मला पुन्हा पुण्याला जाऊन वाट पाहायची नव्हती. घरमालकीण तरुण होती, नव्यानं आलेली, मला ओळखत नव्हती.

"कुठल्या तुमी?" तिनं विचारलं.

"इथलीच. समोरच्या घरची."

तिनं चक्कीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मंग इथं भाड्यानं काऊन?"

"थोडं काम आहे," मी म्हणाले आणि महिन्याचं भाडं तिच्या हातात ठेवलं.

समोर वसंतभाऊ दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी मला पाहिलं, मी त्यांना पाहिलं. त्यांनी मान हलवली, मीही हलवली. ते आत गेले आणि चक्की सुरू झाली. दादा कोपऱ्यावरच्या दुकानातून बादली आणि केरसुणी घेऊन आला. मी पदर खोचला आणि खोली झाडायला घेतली.